वक्र्याच्या घराचा कौल

शुक्रवारी मला झोपू न देणाऱ्या माणसाबद्दल मी कधी काळी चार चांगले शब्द लिहीन, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

दोह्यातला शुक्रवार म्हणजे काय चीज होती, ते आता सांगून कळायचं नाही. आठवड्यात सुट्टी ती एकच. बाकी सहा दिवस कंपनीची बस उजाडायच्या आत कॅम्पच्या दारात भोंगा वाजवायची. मी टाइमकीपर, म्हणजे कोण किती वाजता आला नि गेला ते वहीत लिहिणारा. त्यामुळे सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. शुक्रवारी दुपारपर्यंत लोळायचं, मग मटण, मग पुन्हा लोळायचं, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती. आणि सकाळी सहाला माझ्या लोखंडी खाटेचा पाय कुणीतरी बोटाच्या पेरानं वाजवायचं. टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक.

"उठलंस काय रे सायबा? वक्र्याक जावक व्हया."

हे भिवा मेस्त्री. कुडाळकडचे सुतार, आमच्या कंपनीत सुतारांचे फोरमन. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर मांस म्हणाल तर नावाला, कानावर बोटभर उरलेली पेन्सिल. ती पेन्सिल झोपेतही कानावरच असायची, हे मी स्वतः पाहिलंय. माणसाला ते कधी हलवून उठवत नसत. मी एकदा चिडून विचारलं, "अहो, खाट कशाला बडवता? मला हाक मारा की."

"तुका हाक मारल्यार तू रागावतस," मेस्त्री म्हणाले. "खाटेक सांगितला. ती सांगात तुका."

मी कऱ्हाडचा. आमच्याकडे खाटेशी बोलणाऱ्या माणसाला दवाखान्यात नेतात. पण मेस्त्रींचं सगळं असंच. कंपनीच्या गोदामात शिरतानाही ते आधी चौकटीवर टकटक करायचे. दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत नव्या सिमेंटच्या फ्लॅटांची दारं बसवायचं काम होतं तेव्हा त्यांनी भिंतीवर पेर आपटलं, डोळे मिटून कान लावला आणि तोंड कडू केलं. "ह्येका अजून बोलाक येना नाय," असं म्हणून कामाला लागले. दिवसभर त्या फ्लॅटशी एक शब्द बोलले नाहीत.

आणि अल वक्रा म्हणजे, ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोह्याच्या दक्षिणेला समुद्राकाठी बसलेलं एक जुनं लहान गाव. एके काळी तिथून मोती काढायला होड्या जायच्या. मोत्यांचा धंदा बसला, मग तेल निघालं, लोक सरकारी नव्या घरांत गेले आणि किनाऱ्यावरची जुनी घरं तशीच उभी राहिली. समुद्रातल्या दगडाच्या भिंती, वर मातीचा गिलावा, खिडक्यांवर चुन्याची नक्षी, सागवानी दारं. अर्धी दारं उघडी, आत शेळ्या. मेस्त्रींना कुठल्याशा कामानिमित्त ते गाव एकदा दिसलं आणि माझे शुक्रवार संपले.

आम्ही तिघं जायचो. तिसरे इस्माईलभाई, राजापूरचे, कंपनीचे ड्रायव्हर. त्यांना जुन्या घरांत काडीचा रस नव्हता. वक्र्याच्या किनाऱ्यावर ताजी मासळी स्वस्त मिळायची, म्हणून ते पिकअप काढायचे. मला न्यायचं कारण असं, की मेस्त्रींना लिहायचा कंटाळा आणि माझं अक्षर बरं.

"तू माणसांची हजेरी घेतस ना?" ते म्हणाले. "मगे घरांची घी."

म्हणून मी वही केली. ती अजून आहे माझ्याकडे. 'घर तिसरं. बाईमाणूस. मागच्या अंगाला कंबर मोडली आहे पण सांगत नाही.' 'घर सहावं. म्हातारा. तापट. डावी भिंत बोलायची बंद झाली.' 'घर आठवं. दोन भावांनी वाटून घेतलेलं, मधली भिंत नंतरची, नाखुशीनं बांधलेली.' हे सगळं मेस्त्री सांगत आणि मी निमूट लिहीत असे. भिंत नाखुशीनं बांधली हे तुम्हाला कसं कळलं, असं विचारलं की म्हणायचे, "गवंड्यान ओळंबो लावक नाय. मनात असता तर लावल्यान असतो." मी जाऊन बघितलं. भिंत खरंच ओळंब्यात नव्हती. मला फार राग आला.

पण खरी गंमत घरात शिरण्याआधी असायची. मेस्त्री उघड्या दारातूनही आत पाऊल टाकायचे नाहीत. आधी चपला काढायचे, हात जोडायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. कोकणात देवापुढे घालतात ते. एकानं मोठ्यानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून हुंकार द्यायचा. इथं देव नव्हता, म्हणून ते घरालाच घालायचे.

"बा घरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे इस्माईलभाई, अगदी बेंबीच्या देठापासून. लहानपणापासून गावात ऐकत आलेले, त्यांना काय!

"ह्या जाग्याचो जो कोण मूळ मालक असात, जो कोण राखणदार असात, तेका आमचो सलाम पोचो दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी परमुलखातली माणसा तुज्या दारात इलंव. आमी बघूक इलंव, मोडूक नाय इलंव. माज्या हातान तुजो एक खडो हलाचो नाय, ह्यो माजो शब्द! आमका आत येवंक दी आणि सुखरूप भायर जावंक दी रे म्हाराजा!"

पहिल्या दिवशी मी तोंड मिटून उभा राहिलो. भर उन्हात, अरबी मुलखात, एका पडक्या घरापुढे मी महाराजा-बिहाराजा काही म्हणणार नव्हतो. मेस्त्री शांतपणे माझ्याकडे बघत थांबले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. घामानं माझा शर्ट अंगाला चिकटला. "म्हण की रे बाबा," इस्माईलभाई कळवळून म्हणाले, "माझी मासळी संपेल!" म्हटलं शेवटी. मग दोन वर्षं म्हणत राहिलो. अकरा घरं, प्रत्येकाला तेच गाऱ्हाणं, प्रत्येकाला तोच शब्द.

अकराव्या घराची कथा वेगळी. ते अगदी समुद्रालगत होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा दार अर्धं उघडं होतं. मेस्त्रींनी गाऱ्हाणं घातलं, "आमका आत येवंक दी रे म्हाराजा," आणि आम्ही हुंकार द्यायच्या आत आतून खर्जातला आवाज आला, "मीन?"

म्हणजे अरबीत, कोण आहे? मी आणि इस्माईलभाई जे धूम पळालो ते पिकअपच्या मागे जाऊन थांबलो. मेस्त्री जागचे हलले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला होता. आमच्याकडे वळून ते आनंदानं ओरडले, "घर बोल्ला रे! घर बोल्ला!"

आतून चुरगळलेल्या पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा डोळे चोळत बाहेर आला. हे बू जासिम, घराचे मालक. तरुणपणी बापाच्या होडीतून मोती विकायला मुंबईला जायचे, त्यामुळे त्यांना मोडकं हिंदी यायचं, आणि हिंदुस्तानी माणसालाही ते 'हिंदी'च म्हणायचे.

"हिंदी! क्या करता इधर? महाराजा किसको बोलता?"

"बाबा, हम घर को पूछता," मेस्त्री म्हणाले. "अंदर आऊं क्या."

"घर को पूछता?" म्हाताऱ्यानं भुवया वर नेल्या. "मेरे को नहीं पूछता?"

"आप सोया था. घर जागा था."

मी पिकअपमागून पोलिसांचा विचार करत होतो. मग बू जासिम हसले, दात नसलेलं, मोकळं हसू. "मेरा लड़का लोग भी नहीं पूछता," म्हणाले आणि आम्हाला आत घेऊन गेले.

त्यांच्या मुलांनी बांधलेला नवा बंगला मागच्याच रस्त्यावर होता. पण तिथं खोल्याखोल्यांत एसी. त्या गार हवेनं म्हाताऱ्याचे गुडघे धरायचे. म्हणून दुपारची नमाज झाली की ते गुपचूप या जुन्या घरात येऊन चटई टाकून झोपत. मुलं-नातवंडं सुट्टीला घरी असली की सकाळीही. समुद्राकडच्या खिडकीतून वारा यायचा. वर छपराला आडवे वासे होते आणि त्यांच्या मधोमध एक वासा बाकीच्यांच्या दुप्पट जाड. मेस्त्रींनी उंबऱ्यातूनच तो हेरला.

"हो वासो नाय," ते माझ्या कानात म्हणाले. "ही डोलकाठी."

खरंच होती. बापाची होडी मोडली तेव्हा तिची डोलकाठी छपरात घातलेली. बू जासिमनी वर बोट केलं. "मेरा बाप समुंदर से वापस आया. लकड़ी ऊपर रखा, नीचे सो गया. अब मैं सोता." मेस्त्री स्टुलावर चढले, काठीवर पेर आपटलं, डोळे मिटून कान लावला. किती वेळ उतरेनातच. उतरले तेव्हा माझ्या वहीत स्वतःच्या हातानं एकच शब्द लिहिला, वेड्यावाकड्या अक्षरात. 'जित्ता.' म्हणजे जिवंत.

त्यानंतर दर शुक्रवारी शेवटचं घर ते. बू जासिम आधीच येऊन पायरीवर बसलेले असत. गाऱ्हाण्याचा अर्थ मी त्यांना समजावला होता, की ही प्रार्थना नव्हे, घराला केलेला सलाम आहे. "सलाम तो अच्छा है," म्हणाले आणि हुंकार शिकले. शिकले म्हणजे काय, डोक्यावर घेतला त्यांनी. आम्हा दोघांचे आवाज बुडायचे त्यांच्या आवाजात. पुढे पुढे कहवा हवा का विचारलं तरी व्हय म्हाराजा, खजूर संपले का विचारलं तरी व्हय म्हाराजा. त्यांचे नातू लपून बघायचे आणि हसून लोळायचे.

दोन वर्षं अशी गेली. आणि मग गावातून नवा रस्ता जायचा ठरला, किनाऱ्यावरची पडीक घरं पाडायचं काम निघालं आणि ते काम, दुसरीकडे कुठे जाणार, आमच्याच कंपनीला मिळालं. आमचा इंजिनिअर लेबनॉनी होता. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. 'यल्ला', म्हणजे चला चला, त्याशिवाय त्याचं वाक्य सुरू व्हायचं नाही आणि 'खलास' शिवाय संपायचं नाही. त्यानं यादी काढली. अकरा घरं. माझ्या वहीतलीच अकराच्या अकरा. त्यानं मेस्त्रींना बोलावून खांद्यावर हात ठेवला. ही घरं तुझ्याइतकी कुणाला माहीत नाहीत, तूच पाडायला माणसं लाव.

मेस्त्री परत आले ते खाटेवर बसून राहिले. कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली होती, म्हणजे प्रकरण गंभीर.

"माझो शब्द गेलोहा थय," म्हणाले.

मला हसू आवरेना. "अहो मेस्त्री, घराला दिलेला शब्द! घर काय कोर्टात जाणार आहे तुमच्यावर?"

"कोर्टात जाऊ शकता तेका शब्द कित्याक व्हयो रे?" मेस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले. "जेका जाता येना नाय, तेकाच शब्द देवचो लागता."

माझं हसू तिथंच थांबलं. नाही म्हणायची सोय त्यांना नव्हती. नाही म्हटलं की पासपोर्ट हातात, विमानाचं तिकीट, खलास. आणि कुडाळात त्यांच्या स्वतःच्या घराच्या चार भिंती उभ्या होत्या, वर विणलेल्या झावळांची झापं. सात वर्षं दुसऱ्यांची दारं बसवणाऱ्या या माणसाच्या घराला अजून छप्पर नव्हतं. बायकोच्या दर पत्रात शेवटचं वाक्य तेच असायचं, यंदा पावसाच्या आधी होईल ना? ती पत्रं मीच वाचून दाखवायचो.

तीन दिवस ते नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी पेन्सिल पुन्हा कानावर गेली.

"कौल लावया," म्हणाले.

कौल लावणं ही पण कोकणातलीच रीत. देवाच्या पाषाणाला पाण्यानं दोन कळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारून वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मेस्त्री घरांनाच विचारणार होते, की दिलेला शब्द परत घेऊ का. कळ्या कुठून आणणार त्या वाळवंटात? त्यांनी सागवानाच्या नखाएवढ्या पातळ ढलप्या काढल्या आणि शुक्रवारी आम्ही निघालो.

तो शुक्रवार मी विसरणार नाही. एरवी गावाकडे म्हणे कौलाला तास तास लागतात. इथल्या उन्हात पाणी किती टिकणार! ढलपी लावली, गाऱ्हाणं संपायच्या आत खाली. पहिल्या दोन घरांनी उजवा दिला. तिसऱ्यानं डावा दिला. मेस्त्री गडबडले नाहीत. "बाईक नीट समाजला नाय," म्हणाले, "परत इचारतंय." पुन्हा समजावून विचारलं, तुझी कंबर गेलीच आहे, कधीतरी एखाद्या शेळीवर पडशील, तिचं पाप नको. उजवा पडला. सहाव्या, तापट म्हाताऱ्या घरानं दोनदा डावा दिला. त्याच्याशी मेस्त्री चक्क भांडले, तीन वेळा विचारायचा हक्क आहे माझा म्हणून. तिसऱ्यांदा उजवा. मी म्हटलं, "मेस्त्री, हे तुम्ही विचारताय का पटवताय?" त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. इस्माईलभाई म्हणाले, "आमच्याकडं पण असंच असतं."

दहा घरं झाली. अकराव्याच्या पायरीवर बू जासिम बसले होते. मुलांनी कागदावर सह्या दिल्याचं त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं. त्यांनी आम्हाला कहवा विचारला नाही. मेस्त्रींनी हातातल्या ढलप्या खिशात टाकल्या आणि म्हणाले, "ह्येका उद्या."

उद्या म्हणजे शनिवार. कामाचा दिवस. समुद्राच्या बाजूनं घरं पाडायचं यंत्र येऊन उभं, इंजिनिअर घड्याळ बघतोय, बू जासिमची दोन मुलं गाडीला टेकून उभी, आणि म्हातारा तिथंच पायरीवर. मेस्त्री आधी एकटेच हत्यारांची पेटी घेऊन दारापाशी गेले, आमच्याकडे पाठ करून काहीतरी करत बसले. मग हात जोडले. मला कसला तरी उग्र वास आला. किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा असेल म्हटलं.

"बा घरा म्हाराजा!"

आम्ही दोघांनी हुंकार दिला. बू जासिम गप्प.

"तुका मी शब्द दिललंय. आज तो परत मागूक इलंय. देवचो असलो तर उजवो दी, नसलो तर डावो दी रे म्हाराजा!"

सगळे दाराकडे बघत राहिलो. डावी ढलपी टपकन पडली. मेस्त्रींनी ती उचलून पाणी लावून पुन्हा लावली, पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. मी मनात म्हटलं, पटवा की मेस्त्री, कालच्यासारखं पटवा, छप्पर आठवा तुमचं! तिसऱ्यांदा विचारलं. डावी पडली. उजवी तशीच दाराला.

मेस्त्री इंजिनिअरकडे वळले. "साब, ये घर ना बोला. मेरे से नहीं होगा."

इंजिनिअरनं मला विचारलं, कोण ना बोललं? मी सांगितलं, घर. तो आधी हसला, मग लालबुंद झाला, मग त्यानं हातानंच उडणाऱ्या विमानाची खूण केली. "बुकरा! खलास!" म्हणजे उद्याच घरी. मेस्त्रींनी मान हलवली, पेटी उचलली. मी पुढे होऊन म्हणणार होतो, साहेब, त्यांच्या बायकोला मी काय लिहू?

तेवढ्यात बू जासिम उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. दाराशी जाऊन त्यांनी त्या न पडलेल्या ढलपीवर बोट ठेवलं. मग बोट अंगठ्यावर चोळलं. बराच वेळ चोळलं. नाकाशी नेलं. आणि मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्री आपल्या चपलांकडे बघत होते. म्हातारा वळला आणि मुलांवर अरबीत असा कडाडला की यंत्रावरचा माणूससुद्धा खाली उतरला. इस्माईलभाईंनी मला भराभर सांगितलं. म्हणतायत, घरानं नाही म्हटलं. या हिंदीनं घराला विचारलं, तुम्ही मला विचारलं नाही. मालक मी आहे, त्या कागदावर माझा अंगठा कुठाय?

अंगठा नव्हता. मालकाच्या अंगठ्याशिवाय काम होणार नव्हतं. रस्ता त्या घराला वळसा घालून गेला. इंजिनिअरनं दोन दिवस मेस्त्रींशी बोलणं टाकलं. पण उरलेली दहा घरं मेस्त्रींनी ज्या तऱ्हेनं उतरवली ते बघून त्याचाही राग गेला. आधी दारं निघाली, मग वासे एकेक करून खाली घेतले, आणि भिंती तेवढ्या यंत्राला दिल्या. प्रत्येक घराशी ते दिवसभर पुटपुटत होते. मेस्त्री राहिले. पुढची चार वर्षं राहिले. कुडाळच्या घरावर छप्पर चढलं, त्याचं पत्रही मीच वाचलं, आणि ऐकताना ते हातातल्या रंध्याला तेल लावत राहिले.

मग ते कायमचे जायला निघाले. त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी मी स्वतः पाचला उठून बसलो. खाट वाजवायला आले तर मी तयार! त्यांना जरा वाईटच वाटलं.

वक्र्याला एकच घर उरलं होतं. बू जासिम आता काठी घेऊन चालत, पण पायरीवर हजर होते. मेस्त्रींनी चपला काढल्या, हात जोडले.

"बा घरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं.

"सा वरसा मी तुज्या दारात येतंय. आज शेवटचो इलंय."

"व्हय म्हाराजा!"

"धा घरांनी माका खरो कौल दिल्यानी. तू काय दितंस, ता माका ठावक नाय. मिया तुका बोलाक दिलंयच नाय."

इस्माईलभाई माझ्याकडे बघायला लागले. हुंकार द्यायला दोघंही विसरलो.

"उजव्या ढलपीक मिया सरस लावलंय, म्हाराजा. तुज्या नावार खोटा बोल्लंय. तुजी डोलकाठी उतरूक माजो हात होयना. माज्या घराक छप्पार नाय होता, तरी होयना. त्या खोट्याचा काय पाप असात, ता माज्या माथ्यार घाल. ह्या म्हाताऱ्याच्या झोपेर घालू नको. चुकलेल्या लेकराक पदरात घी रे म्हाराजा!"

सरस! सुतार लाकूड चिकटवायला उकळतात तो सरस. मासळीचा वास नव्हता तो. सहा वर्षं मी ज्या माणसाच्या खरेपणाला हसलो होतो तो घराशी खोटं बोलला होता, विमानाचं तिकीट समोर दिसत असताना. खरं सांगतो, मला रडू येत होतं. इस्माईलभाई उगाच गाडीची किल्ली पुसत होते. मेस्त्री हात जोडून वाट बघत उभे, आणि हुंकार द्यायला कुणी नाही.

"व्हय म्हाराजा!"

बू जासिम ओरडले होते. मालवणीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. काठी टेकत ते दाराशी गेले. ढलपी तिथंच होती, उन्हानं पांढरी पडलेली. त्यांनी अंगठ्यानं ती नीट दाबून बसवली. मग बोट नाकाशी नेऊन, मेस्त्रींना दिसेल असा, मोठ्ठा वास घेतला. आणि दात नसलेलं ते हसू हसले. मेस्त्री आधी चपापले, मग त्यांनी कपाळावर हात मारला, आणि मग दोघं म्हातारे एकमेकांच्या दंडाला धरून जे हसायला लागले ते त्यांना थांबवेना.

परत येताना मेस्त्री पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसले आणि गाव संपायच्या आत झोपी गेले. सहा वर्षांत शुक्रवारी त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. पेन्सिल कानावर होती. कॅम्प आला, गाडी थांबली, तरी उठेनात. इस्माईलभाई म्हणाले, "हलवा त्यांना, सामान बांधायचंय."

मी त्यांना हलवलं नाही. सीटच्या पाठीवर बोटाच्या पेरानं वाजवलं. टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक.